पडद्यावरची धाव : वाचक विचारतात

धावपटूंवरचे पुरस्कारविजेते चित्रपट हा या अंकाचा विषय जाहीर केला आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न फिरून फिरून होता : 'हे खरंच असं घडलं होतं का?' प्रश्न रास्त आहे. पण त्याला लागून आणखी एक विचारायला हवा : पडद्यावरचा माणूस खरंच धावतोय का? परीक्षक बहुधा चेहरा बघतात. मैदानावरची माणसं पाय बघतात. खालची उत्तरं पायांकडे बघून दिलेली आहेत.

प्रश्न (कोल्हापूर, महाविद्यालयीन विद्यार्थी) : आमच्या लघुपटात शेवटी शंभर मीटरची शर्यत आहे. 'चॅरियट्स ऑफ फायर'सारखी स्लो मोशन हवी आहे, पण मोबाइलवर काढलेली धाव नुसतीच संथ दिसते, भारदस्त दिसत नाही. काय चुकतंय?

उत्तर : आधी स्लो मोशन का लागते ते पाहू. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. चांगला धावपटू सेकंदाला १० मीटर जातो, म्हणजे दर फ्रेममागे जवळजवळ ४२ सेंटीमीटर. त्याचं पाऊल जमिनीला टेकलेलं असतं ते सेकंदाचा साधारण दहावा भाग. म्हणजे जेमतेम दोन फ्रेम्स! शर्यतीतली सगळी ताकद त्या दोन फ्रेम्समध्ये खर्च होते आणि प्रेक्षकाला ती दिसतच नाही. नेहमीच्या वेगानं काढलेली शंभर मीटरची शर्यत पडद्यावर किरकोळ वाटते ती त्यामुळे.

१२० फ्रेम्सवर काढून २४ वर दाखवलं की धाव पाचपट लांबते. त्या चित्रपटाचा एक नायक हॅरॉल्ड अब्राहम्स, त्यानं १९२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला शंभर मीटर १०.६ सेकंदांत जिंकली. तीच शर्यत या हिशेबानं ५३ सेकंदांची होईल. तेवढ्या वेळात टाचेमागची शीर, गालाचं हलणारं मांस, खांद्याचा ताण असं सगळं वाचता येतं.

मग तुमची धाव नुसती संथ का दिसते? कारण बघणाऱ्याच्या डोळ्याला मोजपट्टी मिळत नाही. ह्यू हडसनच्या त्या चित्रपटात (१९८१) सुरुवातीला किनाऱ्यावरून अनवाणी धावणारी पोरं आठवा. तिथे पायांखाली पाणी उडतं. पाण्याचा थेंब केवढ्या वेळात खाली येतो हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं. तो तरंगत खाली येतो आणि मेंदू समजतो, की ही माणसं जोरात आहेत, वेळ मंदावली आहे. डांबरी रस्त्यावर स्वच्छ हवेत ही खूण नसते. म्हणून काहीतरी पडू द्या, उडू द्या : मातीच्या मैदानावरची धूळ, पावसाचं डबकं, मोकळे केस, सैल बनियन.

आता मोबाइल. १२० फ्रेम्स पुरतात, २४० वर उजेड कमी पडतो. शटरचा वेग फ्रेमसंख्येच्या दुप्पट ठेवायचा नेहमीचा संकेत आहे, म्हणजे १२० ला सेकंदाचा २४० वा भाग. त्याला सकाळी आठ-नऊचं ऊन हवं. ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये काढू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते आणि स्लो मोशनमध्ये ते लुकलुकणं हमखास उतरतं. कॅमेरा धावपटूच्या कमरेच्या खाली ठेवा आणि शक्यतो बाजूनं काढा. समोरून, लांबून, झूम करून काढलेला धावपटू जागच्या जागी पाय मारतोय असंच दिसतं.

प्रश्न (सातारा, क्रीडाशिक्षक) : 'चॅरियट्स ऑफ फायर' मी दरवर्षी शाळेत दाखवतो. मुलांना काय खरं आणि काय रचलेलं म्हणून सांगू?

उत्तर : दाखवा, जरूर दाखवा. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले आहेत आणि धावण्याचा तपशील बराचसा चोख आहे. पण इतिहासाच्या तासाला त्याच्यावर विसंबू नका.

सर्वांत मोठी थाप रविवारची. चित्रपटात दुसरा नायक एरिक लिडेल याला पॅरिसला निघताना, बोटीवर चढता चढता कळतं की शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी ठाऊक होतं आणि ख्रिस्ती श्रद्धेपायी रविवारी धावायचं नाही हे ठरवून त्यानं ४०० मीटरचा सराव सुरूही केला होता. पडद्यावर श्रद्धेची तडकाफडकी परीक्षा होते. खऱ्या गोष्टीत कित्येक महिन्यांचा कंटाळवाणा सराव आहे, आणि आमच्या मते तीच मुलांना सांगण्यासारखी आहे. शंभरचा धावपटू ४०० चा होतो तो निर्धारानं नव्हे. दमलेल्या पायांनी लय धरायला तो शिकतो आणि त्याला वेळ लागतो. लिडेलनं ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. शिवाय २०० मध्ये त्याला कांस्यही मिळालं, ते चित्रपटात गायबच आहे.

दुसरी गोष्ट शर्यतींच्या क्रमाची. पडद्यावर अब्राहम्स आधी २०० हरतो, मग खचलेल्या मनानं १०० जिंकतो. खरा क्रम उलटा : शंभरची अंतिम फेरी ७ जुलैला, दोनशेची ९ ला, आणि दोनशेत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. जिंकून मग हरणारा नायक पटकथेला परवडत नाही, म्हणून पत्ते पिसले.

तिसरी, बाराचे टोले पडेपर्यंत महाविद्यालयाच्या चौकाला फेरी मारण्याची शर्यत. ती अब्राहम्स कधी धावलाच नाही. १९२७ साली ब्रिटिश धावपटू लॉर्ड बर्लीनं ती साधली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजनं चित्रीकरणाला नकार दिल्यामुळे तो प्रसंग ईटनला घेतला आहे. अमेरिकी धावपटू लिडेलच्या हातात चिठ्ठी देतो तेही तसं नाही, ती ब्रिटिश संघाच्या मालिशवाल्यानं दिली होती.

आता जे अगदी बरोबर आहे ते मुलांना थांबवून दाखवा. शर्यतीआधी धावपटू गुडघ्यावर बसून खुरप्यासारख्या छोट्या हत्यारानं जमीन उकरतात. ही पाऊल रोवायची खोबण. स्टार्टिंग ब्लॉक तेव्हा नव्हते, ऑलिम्पिकमध्ये ते १९४८ ला लंडनमध्ये आले. ट्रॅक सिंडरचा, म्हणजे जळक्या कोळशाची खंगर दाबून केलेला. त्यात खोबण पुढच्या पायाला थोडी उथळ, मागच्याला खोल आणि मागची भिंत उभी ठेवावी लागे. भिंत तिरकी झाली की सुटताना माती ढासळते आणि पाऊल मागे घसरतं. तुमच्या शाळेचं मैदान मातीचं असेल तर एक दिवस मुलांना खुरपी द्या आणि असा स्टार्ट करून पाहू द्या. दहा मीटरच्या आत फरक कळतो.

प्रश्न (नाशिक) : 'भाग मिल्खा भाग'मध्ये रोमला मिल्खासिंग मागे वळून पाहतात आणि पदक जातं. खरंच तसं झालं?

उत्तर : पहिले अडीचशे मीटर आपण फार जोरात गेलो असं वाटून वेग आवरला, नजर वळवली आणि तिथेच हातची शर्यत गेली, असं मिल्खासिंग यांनी स्वतः अनेकदा सांगितलं. चित्रपटानं (२०१३, राकेश ओमप्रकाश मेहरा, निखळ मनोरंजनासाठीच्या लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार) त्या एका क्षणाला फाळणीच्या आठवणीची जोड दिली. मान वळते आणि कथा मागे जाते. पटकथेचा सांधा म्हणून तो झकासच आहे.

पण १९६० च्या त्या ४०० मीटरच्या अंतिम फेरीचे हातानं मोजलेले आकडे बघा. ओटिस डेव्हिस आणि कार्ल काउफमन दोघेही ४४.९, माल्कम स्पेन्स ४५.५, मिल्खासिंग ४५.६. स्वयंचलित घड्याळावर स्पेन्स ४५.६० आणि मिल्खासिंग ४५.७३. हे १३ शतांश सेकंद म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या वेगानं जेमतेम मीटरभर अंतर. तोवरचा ऑलिम्पिक विक्रम १९५२ चा, ४५.९ होता आणि चौघेही त्याच्या आत आले. त्या दिवशी चौथं येणं म्हणजे घसरणं नव्हतं, शर्यतच अफाट होती. हे चित्रपटात पोचत नाही. पडद्यावर हरायला काहीतरी चूक लागते ना!

आणखी एक गैरसमज हे सगळे चित्रपट मिळून पोसतात. शेवटच्या सरळ पट्ट्यात नायक एकदम वेग वाढवतो. ४०० मीटरमध्ये असं होत नाही. तीनशेच्या पुढे सगळ्यांचाच वेग उतरतो, स्नायू जड होतात, पावलं आखूड पडायला लागतात. ज्याचा वेग सर्वांत कमी उतरतो तो जिंकतो. प्रेक्षकाला मात्र तो सुसाट सुटल्यासारखा दिसतो, कारण बाकीचे मागे राहत असतात. फरहान अख्तरनं शरीर कमावलं ते कौतुकास्पदच, पण ४०० च्या धावपटूचं शरीर पोटाच्या घड्यांवरून ओळखू नये. मांडीचा मागचा भाग आणि नितंब बघावेत.

प्रश्न (आष्टी, जि. बीड) : 'पानसिंग तोमर'मधली स्टीपलचेस बरोबर दाखवली आहे का? आमच्या भागात आता पोरं हीच शर्यत धरून बसली आहेत.

उत्तर : धरून बसणारच. मांडव्याचा अविनाश साबळे तुमच्याच तालुक्यातला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. आणि साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली.

तिग्मांशू धुलियाचा हा चित्रपट २०१२ चा. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि इरफान खानला सर्वोत्कृष्ट अभिनेता असे दोन राष्ट्रीय पुरस्कार. आपल्याकडच्या धावण्यावरच्या चित्रपटांत आम्ही हाच सगळ्यात वर ठेवू, आणि त्याचं कारण स्टीपलचेसच आहे. ही शर्यत नटाला लपवू देत नाही.

अंतर ३००० मीटर. सात पूर्ण फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच अडथळे, त्यातला चौथा पाण्याचा. म्हणजे एकूण २८ कोरडे आणि ७ पाण्याचे. पुरुषांसाठी उंची ९१.४ सेंटीमीटर, महिलांसाठी ७६.२. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत हर्डल लागला तर पडतो. इथला पडत नाही. तो ८० ते १०० किलोचा जाड लाकडी ओंडका असतो. गुडघा आपटला तर गुडघाच जातो.

पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब. अडथळ्यापाशी खोल (पानसिंगच्या काळात ७० सेंटीमीटर) आणि पुढे चढ चढत ट्रॅकच्या पातळीला येतो. म्हणजे उडी जितकी लांब तितकं पाणी उथळ. पद्धत अशी : अडथळ्याच्या आधीच्या दहा-पंधरा मीटरांत वेग किंचित वाढवायचा, बलवान पाय अडथळ्याच्या माथ्यावर ठेवायचा, गुडघा वाकलेलाच ठेवून अंग खाली दाबत पुढे ढकलायचं, आणि एक पाय पाण्याच्या शेवटच्या हातभर भागात टाकून दुसरा सरळ कोरड्यावर. चुका ठरलेल्या आहेत. माथ्यावर उभं राहणं, म्हणजे उडी वर जाते आणि धावपटू खोल पाण्यात दाणकन पडतो. दोन्ही पाय एकदम टाकणं, म्हणजे थांबणं. आणि अडथळ्याआधी पावलं मोजत बसणं, म्हणजे प्रत्येक वेळी अर्धा-एक सेकंद. असं ३५ वेळा करून बघा!

चित्रपटात इरफानचा पाय माथ्यावर पडतो तेव्हा त्याचं अंग दबलेलं राहतं. ही गोष्ट दिग्दर्शकानं सांगून होत नाही, सरावानंच येते. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत पानसिंगला सवय नसलेले स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) नडतात, तोही प्रसंग मैदानाला धरून आहे. स्पाइक्समध्ये टाच खाली राहते, पोटरी ताणली जाते. नव्या जोडीत आधी आठवड्यातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं असं महिनाभर धावून मगच शर्यतीला उतरावं. तुमच्या पोरांना हे जरूर सांगा. ऐन स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिळालेल्या बक्षिसाच्या बुटांनी दरवर्षी किती पोटऱ्या धरतात, ते मालिश करणाऱ्यांना विचारा.

पुढे बागी, म्हणजे दरोडेखोर झाल्यावरही पानसिंग पोलिसांपुढे धावतो, तेव्हा कॅमेरा तीच चाल दाखवतो. तेच ढांगेचं माप, तेच कोपर. न बोलता सांगितलेली गोष्ट म्हणतात ती ही.

प्रश्न (फलटण) : 'लता भगवान करे' या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला. नऊवारी नेसून, अनवाणी कुणी शर्यत जिंकू शकतं का, की हा सिनेमाचा मसाला?

उत्तर : मसाला अजिबात नाही. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात लताबाई तशाच धावल्या आणि जिंकल्या. आजारी नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. चित्रपटात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली, म्हणून 'पडद्यावरचा माणूस खरंच धावतोय का' हा प्रश्न इथे निकालातच निघतो. नऊवारीबद्दल शंका घेऊ नका. कासोटा घट्ट असेल तर दोन्ही पाय सुटे राहतात, त्यामुळे पाचवारीपेक्षा ती धावायला कितीतरी सोयीची. अडचण होते ती घोट्यापाशी लोंबणाऱ्या काठाची, तो वर खोचावा लागतो. अनवाणीपणाचंही तसंच. आयुष्यभर शेतात अनवाणी वावरलेल्या पायाचा तळवा जाड असतो आणि पाऊल अलगद, पुढच्या भागावर पडतं. हे पाहून शहरातल्या कुणी बूट फेकून डांबरावर धावू नये.

प्रश्न (ठाणे, आई) : मुलगा आठ वर्षांचा आहे. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' आणि 'बुधिया सिंग : बॉर्न टू रन' पाहिल्यापासून दहा किलोमीटर धावायचं म्हणतो. धावू द्यावं?

उत्तर : हे दोन चित्रपट एका ताटात वाढू नका.

बुधियाचा चित्रपट (दिग्दर्शक सौमेंद्र पाधी) 'दुरंतो' या नावानं सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेला. बालचित्रपट म्हटलं तरी तो मुलांसाठी आहे असं आम्हाला वाटत नाही. मे २००६ मध्ये चार वर्षांचं पोर पुरी आणि भुवनेश्वरच्या दरम्यान ६५ किलोमीटर धावलं, ७ तास २ मिनिटं, तेही ओडिशाच्या उन्हाळ्यात. चित्रपट प्रशिक्षकाला संत करत नाही आणि खलनायकही करत नाही, हे त्याचं बळ. पण आठ वर्षांच्या प्रेक्षकाला त्यातलं फक्त अंतर दिसतं. लहान मुलांची हाडं टोकांशी अजून वाढत असतात, घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि शरीर लवकर तापतं. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतराला किमान वय १८ आहे, ते उगाच नाही. आठ वर्षांच्या मुलानं आठवड्यातून दोन-तीनदा, एक-दोन किलोमीटर, मध्ये चालत, मातीवर, खेळता खेळता धावावं. टाचेत किंवा गुडघ्याखाली दुखतंय म्हणाला तर धावणं लगेच थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

माजिद मजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७, माँट्रियल महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, पुढे ऑस्करचं नामांकन) मात्र पुन्हा पुन्हा दाखवा. अलीच्या बहिणीचे बूट हरवतात, मग एकच जोड दोघांत. ती शाळेतून पळत येते, गल्लीत बूट बदलले जातात, मग तो पळत शाळेला. शाळेच्या चार किलोमीटरच्या शर्यतीत तिसऱ्याला बुटांचा जोड बक्षीस आहे, म्हणून अलीला तिसरं यायचंय. पहिलं नव्हे! धावण्यावरच्या चित्रपटांत इतका अवघड डाव दुसरा नाही. जिंकायला नुसतं जोरात धावावं लागतं, तिसरं यायला पुढचे दोघे आणि मागचा जमाव सतत मोजावा लागतो. तो पडतो, उठतो, घाबरून सुसाट सुटतो आणि पहिला येतो. सगळे त्याचे फोटो काढतात, तो रडवेला.

मुलाला एक गोष्ट विचारा : अलीनं सराव कधी केला? कुठेच नाही ना? चित्रपटभर तो शाळेला उशीर होऊ नये म्हणून गल्ल्यांतून पळतोय, तोच त्याचा सराव. आणि शेवटचं दृश्य : अंगणातल्या हौदात फोड आलेले पाय, भोवती लाल मासे. ढिल्या, विटक्या बुटांत चार किलोमीटर धावलं की पायांची हीच गत होते.

प्रश्न (पुणे) : मॅरेथॉन खरी दाखवणारा चित्रपट कोणता? मी स्वतः चार पूर्ण केल्यात, पडद्यावरची एकही पटत नाही.

उत्तर : कथापटांत शोधू नका. दोन-सव्वादोन तास एकाच लयीत चालणाऱ्या गोष्टीचं नाट्य करायला गेलं की खोटं होतं. कोन इचिकावाचा 'टोकियो ऑलिम्पियाड' (१९६५) हा माहितीपट बघा, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळालेला. अबेबे बिकिला २:१२:११.२ मध्ये जिंकतो. लांब पल्ल्याची भिंग वापरून त्याचा चेहरा जवळ आणला आहे, मागचं सगळं विरघळून गेलंय. खांदे स्थिर, जबडा सैल, श्वास दिसतही नाही. वर आम्ही समोरून झूम करू नका म्हटलं, इथे तीच युक्ती चालते. कारण इथे वेग दाखवायचाच नाहीये, शांतता दाखवायची आहे.

आणि मग बाकीचे. पाण्याच्या टेबलापाशी थांबून पेल्यामागून पेले रिचवणारे, चालायला लागलेले, सोललेल्या पायांचे. तीसेक किलोमीटरनंतर स्नायूंतला साखरेचा साठा संपत आला की काय होतं ते यांच्या चालीत वाचता येतं : आधी ढांग आखूड, मग कंबर बसते, मग डोकं एका बाजूला. कोकिची त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकानं स्टेडियममध्ये शिरतो आणि घरच्या प्रेक्षकांसमोर बेसिल हीटली त्याला मागे टाकतो. याच चित्रपटात चाडचा ८०० मीटरचा एकटा धावपटू अहमद इसा आहे, जो उपांत्य फेरीतच बाद होतो. हरणाऱ्याला एवढा वेळ देणारा क्रीडापट विरळा.

जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनस्टालचा १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवरचा 'ऑलिम्पिया' (१९३८) नाझी राजवटीच्या आश्रयानं बनला आणि व्हेनिसला मुसोलिनीच्या नावाचा चषक घेऊन आला, हे विसरून तो बघता येत नाही. तंत्रासाठी मात्र बघावाच. मॅरेथॉनमधली धावपटूच्या नजरेतून दिसणारी स्वतःची सावली आणि पाय सरावाच्या वेळी घेतलेले आहेत. धावपटूंच्या गळ्यात छोट्या टोपलीत कॅमेरा अडकवला होता. आजचे छातीवरचे कॅमेरे त्या टोपलीचेच नातू.

प्रश्न (रत्नागिरी) : 'फॉरेस्ट गम्प' या यादीत का नाही?

उत्तर : सहा ऑस्कर असूनही तो धावण्याच्या खेळावरचा चित्रपट नाही. ३ वर्षं, २ महिने, १४ दिवस आणि १६ तास धावतो खरा, पण घड्याळ नाही, अंतिम रेषा नाही, प्रतिस्पर्धी नाही. लांबून दिसणारी बरीचशी धाव टॉम हँक्सची नसून त्याचा भाऊ जिम याची आहे. एक गोष्ट मात्र धावणाऱ्यांना पटते : तो ज्या दिवशी थांबतो त्या दिवशी उगाच कारणं देत बसत नाही.

प्रश्न (डोंबिवली) : एकांकिकेत धावपटूची भूमिका आहे, रंगमंचावर जागच्या जागी दोन मिनिटं धावायचंय आणि मध्ये संवादही आहेत. शिवाय याच भूमिकेचं पुढे चित्रीकरण होणार आहे. नटासारखं न दिसता धावपटूसारखं कसं दिसावं?

उत्तर : नट ओळखू येतो तो हातांवरून. घट्ट मुठी, कानाला भिडलेले खांदे, छातीसमोरून आडवे जाणारे हात. मूठ अशी धरा की आत पापड आहे आणि तो मोडता कामा नये. कोपर साधारण काटकोनात, हात नितंबापासून हनुवटीच्या उंचीपर्यंत मागे-पुढे, छातीची मधली रेषा ओलांडायची नाही. जोर मागे नेताना द्या, पुढे तो आपोआप येतो.

लांब पल्ल्याचा धावपटू असेल तर मिनिटाला १७० ते १८० पावलं. मोबाइलवर मेट्रोनोम लावून घरी बसवा. शंभर मीटरवाला असेल तर सेकंदाला चारपेक्षा जास्त पावलं पडतात. ती जागच्या जागी दोन मिनिटं कुणालाच जमणार नाहीत, तेव्हा दिग्दर्शकाला सांगून ती धाव दहा सेकंदांची करून घ्या. गुडघे फार उंच उचलू नका, ती कवायत वाटते. अंग घोट्यापासून किंचित पुढे झुकवा, कमरेतून वाकू नका.

संवादांचं गणित सोपं आहे. सावकाश धावताना माणूस पूर्ण वाक्य बोलतो, जोरात धावताना तीन-चार शब्दांनी श्वास तुटतो. संवाद तिथे तिथे कापून ठेवा. आणि धापा लगेच टाकू नका, ही नवख्यांची पेटंट चूक. शंभर मीटर धावताना माणूस धापा टाकतच नाही. रेषा ओलांडल्यावर वीस-तीस सेकंदांनी श्वासाचा खरा भडका उडतो, तेव्हा हात गुडघ्यांवर जातात आणि बोलणं बंद होतं.

चित्रीकरणाला आणखी काळजी. पूर्ण वेगाचा टेक शंभर मीटरचा घेऊ देऊ नका, साठ पुरतात. दर दहा मीटरला एक मिनिट विश्रांती असा मैदानावरचा ठोकताळा आहे, म्हणजे साठ मीटरच्या टेकनंतर सहा मिनिटं. दिवसभरात आठ-दहा टेक झाले की मांडीची मागची शीर धरायला लागते, आणि ती एकदा फाटली की तीन आठवडे घरी. आधी वीस मिनिटं हलकं धावणं, मग वाढत्या वेगाचे चार स्ट्राइड्स (छोट्या धावा), मगच कॅमेरा. दोन टेकच्या मध्ये खुर्चीत बसू नका, चालत राहा, अंगावर जॅकेट ठेवा.

घामाला ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात, फवाऱ्याच्या बाटलीत. ते कपाळ, मानेची मागची बाजू आणि दोन खांद्यांच्या मध्ये मारा, गालांवर नको, तिथे ते रडल्यासारखं दिसतं. आणि बनियन आधी पाण्यात बुडवून पिळून घाला. कोरड्या बनियनवर मारलेला फवारा प्रकाशझोतात ठिपक्याठिपक्यांचा दिसतो.